आशाने की आशेने?

रोमन लिपीत नावाचे पहिले अक्षर मोठे होते. देवनागरीला ती सोय नाही. आशा, प्रकाश, विजय ही माणसे की नुसते शब्द, हे वाक्यावरूनच ठरवावे लागते. चिनी लिपीतही लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून तिथे काही ग्रंथांत विशेषनामाखाली रेघ ओढतात. मराठीने ही खूण व्याकरणात ठेवली आहे. ‘आशेने जगतो’ म्हणतो, पण ‘आशाने चहा केला’. रामायणातली मात्र सीतेने, शेजारची सीताने. खूण नेहमी पुरतेच असे नाही. ‘विजयाने आनंद झाला’ यात जिंकणे आहे की विजया नावाची मुलगी?

मोताळ्यात बसून मी चक्रधरांविषयीचे जुने गद्य संगणकावर चढवतो. ‘लीळाचरित्रा’चे संपादन करणारे वि. भि. कोलते शेजारच्या मलकापूर तालुक्यातले, नरवेलचे. त्या ग्रंथात ‘गोसावी’ म्हणजे चक्रधर. त्याच म्हाइंभटांच्या ‘गोविंदप्रभुचरित्रा’त मात्र ‘गोसावी’ म्हणजे गोविंदप्रभू! ‘भट’ म्हणजे बहुधा नागदेवाचार्य. त्यांनाच भटोबास म्हणतात. महदंबा, महदाइसा, रूपाइसा ही एकच बाई, आपल्या आद्य कवयित्रींपैकी. यंत्राला ‘महदंबा’ शोधायला सांगितले, तर ‘महदाइसा’ असे लिहिलेल्या जागा ते गाळणार. ज्या बाईचे मोजकेच लेखन हाती उरले, तिच्या खुणा अशा निसटू देणे मला परवडत नाही.

१९८७ साली सुरू झालेल्या ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ या उपक्रमाने यासाठी पद्धत घालून दिली आहे. नावाच्या आधी आणि नंतर ‘पर्सनेम’ ही खूणचिठ्ठी कोनी कंसात घालायची. तिच्यातच त्या व्यक्तीचा ठरलेला संकेत लिहायचा. व्यक्तीची माहिती वेगळ्या यादीत एकदाच. मग मूळ शब्द काहीही असो, तिन्ही नावे एकाच नोंदीकडे जातात. पानावर वाचणाऱ्याला यातले काही दिसत नाही, पोथीचे अक्षरही बदलत नाही. ठळक टंक हा यावर उपाय नव्हे. तो डोळ्याला नाव दाखवतो, माणूस कोणता ते सांगत नाही.

प्रत्यय चिठ्ठीच्या आत की बाहेर? ‘भटीं’मधला अनुस्वार विभक्तीचा, पण तो अक्षरावरच बसलेला, तोडता येत नाही. मी अख्खे रूप आत घेतो. आणि ‘भट’ नक्की कोण हे कळत नाही, तिथे त्या पद्धतीतच खात्री कमी असल्याचे नोंदवायची जागा आहे. ती मी सढळ हाताने वापरतो.