‘कासव’ : शब्द, संकेत आणि अर्थांतर

‘कासव’ हा शब्द मराठी भाषकाच्या इतका परिचयाचा आहे की त्याचा अर्थ सांगण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. ‘कासवाच्या गतीने चाललेले काम’ हा प्रयोग ऐकताच अर्थ कळतो. परंतु हाच परिचित अर्थ मनात ठेवून विद्यार्थी संतकाव्याकडे वळतो, तेव्हा त्याची गफलत होते. म्हणून या शब्दाचे अर्थक्षेत्र तपासणे अगत्याचे ठरते.

प्रथम व्युत्पत्ती. संस्कृत ‘कच्छप’ या शब्दापासून ‘कासव’ सिद्ध होण्यास ध्वनिदृष्ट्या अडचण नाही. प्राकृतातील ‘च्छ’चा मराठीत ‘स’ होतो. ‘इक्षु’पासून ‘उच्छु’द्वारा ‘ऊस’ आणि ‘कुक्षि’पासून ‘कुच्छि’द्वारा ‘कूस’ ही त्याची उदाहरणे होत. स्वरमध्यस्थ ‘प’चा ‘व’ होतो, हे ‘दीप’–‘दिवा’ या जोडीवरून स्पष्टच आहे. तथापि ‘कश्यप’ या शब्दापासूनही ‘कस्सव’द्वारा ‘कासव’ हेच रूप मिळते. ‘कश्यप’ म्हणजे कासव हा अर्थ प्राचीन आहे. शतपथ ब्राह्मणात कूर्म आणि कश्यप एकच मानले असून प्रजा काश्यपी म्हणविण्याचे कारण त्यातूनच सांगितले आहे. दोन्ही मार्ग एकाच रूपाशी येऊन मिळत असल्याने केवळ ध्वनिनियमांच्या आधारे निर्णय देता येत नाही.

आजच्या मराठीत ‘कूर्म’, ‘कच्छप’ आणि ‘कासव’ यांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतली आहेत. ‘कूर्म’ अवतार, आसन आणि पंचांग यांत आढळतो. ‘कच्छप’ प्रायः ग्रंथापुरता उरला आहे. ‘कासव’ मात्र विहिरीपासून समुद्रापर्यंत सर्वत्र चालतो. इंग्रजीत जमिनीवरील व पाण्यातील कासवांना वेगवेगळी नावे आहेत. मराठीत मूळ शब्द एकच असून भेद दाखविण्यासाठी ‘समुद्री’ यासारखे विशेषण जोडावे लागते. शिवमंदिरात नंदीच्या पुढे जमिनीवर कोरलेले असते तेही कासवच, आणि डास पळविणाऱ्या वळ्याच्या वेष्टनावरचे तेही कासवच.

या एका शब्दात तीन भिन्न संकेत वावरतात. पहिला संकेत संयमाचा. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे इंद्रियनियमन समजावताना अवयव आवरून घेणाऱ्या कूर्माचा दृष्टान्त येतो. ज्ञानेश्वरांनी त्याचा विस्तार करताना एक महत्त्वाची भर घातली आहे : कासव प्रसन्न असता अवयव पसरते आणि इच्छेनुसार ते आवरते. येथे आवरणे हे भयाचे लक्षण नाही, स्वाधीनतेचे आहे. घाबरून अंग चोरणारे कासव मनात आणले, तर हा दृष्टान्तच उलटा होतो.

दुसरा संकेत वात्सल्याचा. कासवी आपल्या पिलांना दूध पाजत नाही, केवळ दृष्टीने पोसते, अशी समजूत संतकाव्यात रूढ आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेच्या विवेचनात, दयाळू पुरुषाच्या नजरेचे वर्णन करताना ही प्रतिमा येते. कुलार्णवतंत्रातील दीक्षाविचारात मात्र दृष्टीचे पोषण मासोळीकडे आणि मनाने केलेले स्मरण कासवीकडे दिले आहे. मराठी संतांनी कासवीला दृष्टी दिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तिसरा संकेत मंदतेचा. तो परकीयच आहे असे म्हणता येणार नाही. पंचतंत्रातील कासवाचे ‘मंथरक’ हे नावच मंदगती सुचविते. परंतु तेथे मंदपणा हा गुण नसून संकटाचे कारण आहे. हंसांच्या आधाराने आकाशातून जाणारे दुसरे कासव पडते, तेही मंदपणामुळे नव्हे, वाचाळपणामुळे. मंदगतीला चिकाटीचे मोल आले ते इसापनीतीतील शर्यतीच्या कथेमुळे, आणि पाठ्यपुस्तकांनी ते दृढ केले.

या संकेतांना प्राणिशास्त्राच्या कसोटीवर पाहिले असता एक विसंगती दिसते. समुद्री कासवाला डोके व पाय कवचात ओढून घेता येत नाहीत; म्हणजे गीतेचा दृष्टान्त जमिनीवरील वा गोड्या पाण्यातील कासवाचा आहे. उलट, कोकणच्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले जातीची मादी वाळूत सुमारे शंभर अंडी घालून समुद्रात परतते आणि पुन्हा पिलांकडे फिरकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून या अंड्यांचे रक्षण माणसे करीत आली आहेत. वस्तुस्थितीतील ही अनुपस्थिती कविकल्पनेने दुरूनच्या दृष्टीने भरून काढली, असे मानण्यास जागा आहे.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ (२०१६) या चित्रपटात हे संकेत नव्याने एकत्र येतात. तेथे मिटून घेणे आजाराशी जोडलेले आहे, आणि हक्क न गाजवता केलेली राखण वात्सल्याशी.

सारांश, ‘कासव’ या शब्दाचा अर्थ कोशात एका ओळीत मावतो. त्याचे संकेत मावत नाहीत. ‘मंद’ हा व्यवहारातील अर्थ ज्ञानेश्वरीवर लादला, तर स्थितप्रज्ञ सुस्त ठरतो आणि कासवी मुकी. अध्यापकाने शब्दार्थ देताना कोणत्या परंपरेतील कासव समोर आहे, हे आधी विचारावयास हवे.