मोबाईलवरील खेळ आणि सहजीवन : खानदेशाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मोबाईलवरील खेळांची चर्चा आपल्याकडे बहुधा अभ्यास, डोळे आणि व्यसन या तीन शब्दांतच आटोपते. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. खेळण्याचा छंद असलेला तरुण आणि त्याची वाग्दत्त वधू अथवा पत्नी यांच्या नात्यात हा छंद नेमका कोठे अडतो, याचा येथे विचार करावयाचा आहे. यावल परिसरात पदवीच्या वर्गांना शिकविताना ही तक्रार वारंवार कानावर येते. प्रस्तुत लेखक स्वतः हे खेळ खेळत असल्याने प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

साखरपुडा आणि लग्न यांमध्ये काही महिन्यांचे अंतर पडले की उभयतांची भेट मुख्यतः मोबाईलवरच होते. मुलीला निवांत बोलता येते ते घरची जेवणे आटोपल्यावर, रात्री नऊ-साडेनऊनंतर. चार मित्रांचा चमू खेळायला जमतो तोही नेमका याच सुमारास. मोबाईल एक, वेळ एक आणि एकांताची जागा म्हणजे घराची गच्ची, तीही एकच. तेव्हा पहिला संघर्ष तास किती गेले याचा नसून तोच तास कोणाचा, याचा असतो.

न थांबणारा खेळ

खेळाची रचना न समजल्याने पुष्कळ गैरसमज होतात. ‘पबजी मोबाईल’ हा खेळ 2018 मध्ये आला, सप्टेंबर 2020 मध्ये त्यावर भारतात बंदी आली आणि 2021 मध्ये तो ‘बीजीएमआय’ या नावाने भारतासाठी नव्याने अवतरला. 2022 मध्ये तोही बंद होऊन 2023 मध्ये परतला. त्याच्या प्रमुख प्रकारात सुमारे शंभर खेळाडू एकाच वेळी उतरतात, बहुधा चौघांच्या चमूने, आणि शेवटपर्यंत टिकल्यास सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. बुद्धिबळाचा पट झाकून ठेवता येतो. हा सामना मध्येच थांबविता येत नाही. एकजण उठला तर उरलेले तिघे उघडे पडतात. म्हणून ‘दोन मिनिटांत आलो’ हे वाक्य उच्चारणारा खोटे बोलत नसतो. ती दोन मिनिटे त्याच्या हातीच नसतात. पलीकडे वाट पाहणाऱ्या व्यक्तीला मात्र एवढेच कळते की, तीन मित्रांना दिलेला शब्द तिला दिलेल्या शब्दाहून वजनदार ठरला. तिचे हे अनुमान अगदीच चूक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

यास लगेच ‘व्यसन’ म्हणणे मात्र घाईचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, खेळविकाराचा समावेश आहे. परंतु खेळण्यावरील ताबा सुटणे, अन्य सर्व गोष्टींपेक्षा खेळास प्राधान्य मिळणे आणि दुष्परिणाम दिसत असूनही खेळ चालूच राहणे, ही लक्षणे सर्वसाधारणपणे बारा महिने दिसावी लागतात. घरोघरच्या बहुतेक तक्रारी या कसोटीच्या पुष्कळ अलीकडच्या आहेत. त्यांना औषधोपचाराची नव्हे, बोलण्याची गरज असते.

आखाजीची चौकट

खानदेशास खेळ नवा नाही. वैशाख शुद्ध तृतीयेस, म्हणजे आखाजीला, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गाणी होतात. आणि पुरुषमंडळी उघडपणे पत्ते कुटतात. त्यात पैसे लागतात ही गोष्टही सर्वश्रुत आहे आणि तिचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. लक्षात घ्यावयाची आहे ती चौकट. सालदाराचे जुने साल संपून नवे ठरते तेही याच सणाला. शेतीच्या कामांत उसंत मिळालेली असते. खेळाला तिथी आहे, आणि तो चालू असताना घरातील स्त्री चुलीपाशी ताटकळत नसून स्वतःच्या माहेरी झोक्यावर असते. दोघांचा विसावा एकाच वेळी, पण वेगवेगळ्या ठिकाणी! मोबाईलने तिथी पुसली आणि दुसऱ्या बाजूचा झोका तेवढा गेला. तक्रारीचे मूळ येथे आहे असे वाटते. त्याच्या खेळापेक्षा तिला विसावाच नसणे अधिक सलते.

दोघे मिळून खेळण्याचा पर्यायही आपल्याकडे जुना आहे. वेरूळच्या एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरले आहेत. खाली गण नंदीची खोडी काढीत आहेत. आपल्याच राज्यात, नवी मुंबईत तयार झालेला ‘लुडो किंग’ हा खेळ 2020 च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला, तो एकत्र खेळता येत होता म्हणूनच. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 349 जोडप्यांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला. पती-पत्नी दोघेही खेळतात अशांपैकी 76 टक्के लोकांनी खेळाचा संसारावर चांगला परिणाम झाल्याचे सांगितले. खेळण्याच्या तासांपेक्षा खेळावरून होणारी भांडणे आणि एकत्र झोपी जाण्याची मोडलेली सवय अधिक बाधक ठरल्याचेही त्यात आढळले. अमेरिकेतील निष्कर्ष यावलच्या एकत्र कुटुंबास जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हे उघड आहे. सासूबाईंसमोर सुनेने मोबाईलवर बंदूक चालवावी, असा सल्ला देण्याचे धैर्य प्रस्तुत लेखकात नाही.

पैसे लावून खेळण्याचा प्रश्न स्वतंत्र आहे. 2025 च्या केंद्रीय कायद्याने तसे ऑनलाईन खेळ बेकायदा ठरविले असून ई-क्रीडा व निव्वळ मनोरंजनाचे खेळ त्यातून वगळले आहेत. जोडीदारापासून लपविलेले कर्ज हे छंदाच्या समतोलाचे प्रकरण राहत नाही.

व्यवहारात उपयोगी पडते ती वेळेची नव्हे, तर सामन्यांची बोली. ‘अर्धा तास’ हा करार मध्येच मोडतो. ‘दोन सामने’ हा सहसा मोडत नाही, आणि दुसरा सामना दहाच्या आत सुरू झालेला असावा, एवढे ठरविले की पुरते. आमच्या घरी ही बोली गेली दोन वर्षे चालू आहे. पत्नीने तिच्या बदल्यात मागितलेली गोष्ट मात्र खेळाशी संबंधित नव्हती. रविवारी सकाळी दोन तास स्वयंपाकघर माझ्याकडे असते, आणि त्या वेळात ती कोठे जाते हे विचारावयाचे नाही.