पलटणीतून परतल्यानंतर

दरवर्षी १ जानेवारीला आपल्या पाचोऱ्यातून आणि आसपासच्या खेड्यांतून अनेक समाजबांधव भीमा कोरेगावला जातात. विजयस्तंभाला मानवंदना देऊन मंडळी परत येतात, आणि पुढे आठ-दहा दिवस बुद्धविहारात त्याच लढाईच्या गोष्टी चालतात. आम्हीही त्यात असतो. परंतु बँकेच्या काउंटरवर पेन्शनचे काम करीत असताना आमच्या मनात एक प्रश्न वारंवार येत गेला. लढाई संपली की आपण सैनिकाची गोष्टही का संपवून टाकतो? जो स्तंभावर कोरला गेला त्याला आपण वंदन करतो. पण जो जिवंत परतला, गावाच्या वेशीशी उतरला आणि पुढे तीस-चाळीस वर्षे पेन्शनवर जगला, त्याने काय केले? स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा याच प्रश्नाबद्दल चार शब्द लिहावेत असे आम्ही ठरविले.

कोरेगावचा इतिहास सुज्ञ वाचकांना ठाऊकच आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटन याच्या तुकडीने पेशव्याच्या सैन्याला दिवसभर थोपवून धरले. स्तंभावर मृतांची जी नावे आहेत त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेली, म्हणजे आपल्या पूर्वजांची, २२ नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी पूज्य बाबासाहेब स्वतः तेथे गेले. ते सैनिक कंपनीसाठी लढले, असा आक्षेप काही जण घेतात. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. ज्याला गावात पाणवठ्यावर जागा नव्हती त्याला पलटणीत गणवेश, पगार आणि नावापुढे हुद्दा मिळाला, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

आणखी दोन गोष्टी त्याला मिळाल्या. एक अक्षर आणि दुसरी पेन्शन. या दोहोंनी आपल्या चळवळीचा पाया घातला असे आमचे मत आहे, आणि त्याला दाखला गोपाळबाबा वलंगकरांचा आहे. महाडजवळच्या रावढूळचे हे गृहस्थ लष्करात हवालदार होते. १८८६ साली ते निवृत्त झाले. निवृत्त माणूस बहुधा घर शाकारतो, मुलांची लग्ने करतो. यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली आणि अस्पृश्यता कोणत्या शास्त्राने सांगितली, असे सवाल धर्माच्या ठेकेदारांना छापून विचारले. सरकारने 'लढाऊ जाती' नावाचे खूळ काढून १८९२ च्या सुमारास आपल्या लोकांची भरती बंद केली, तेव्हा 'अनार्य दोष परिहारक मंडळी'च्या वतीने अर्जाचा मसुदा करणारेही हेच. त्यांना हे का जमले? एक तर लिहिता येत होते. दुसरे म्हणजे चूल गावकीच्या बलुत्यावर अवलंबून नव्हती. ज्याची भाकर पाटलाच्या हातात नाही तोच पाटलाला सवाल करू शकतो. पेन्शनचे मोल आम्ही रुपयांत मोजतो, पण त्या काळी ते या मोकळेपणात मोजावे लागेल.

दुसरा दाखला तर प्रत्येक घरातल्या तसबिरीमागे उभा आहे. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी नॉर्मल स्कूलचे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला, आणि तीनेक वर्षांनी सुभेदार निवृत्त होऊन दापोलीस आले. पुढे साताऱ्यास त्यांनी स्टोअरकीपरची नोकरी धरली, आणि नंतर खटाव तालुक्यात गोरेगाव येथे सरकारी कामावर ते रोखपाल होते. (रोखपाल हा शब्द लिहिताना आमच्यासारख्या बँकेच्या माणसाची छाती थोडी फुगते, हे कबूल करतो.) याच गोरेगावला वडिलांकडे जाण्यासाठी १९०१ साली मुले मसूर स्टेशनावर उतरली. कपडे नीटनेटके, बोलणे स्वच्छ. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि उत्तर ऐकताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही गाडी हाकायला तयार होईनात. शेवटी मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असे ठरले. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. ही सुभेदाराची मुले होती. म्हणजे पलटणीने दिलेला हुद्दा स्टेशनाबाहेर चालत नव्हता. तरीही त्या बापाने मुलाला पहाटे दोन वाजता उठवून अभ्यासाला बसविणे सोडले नाही आणि पुस्तकांसाठी विवाहित लेकीचे दागिने गहाण टाकणेही सोडले नाही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. त्यांनी लढाईत काय पराक्रम केला हे फारसे कोणी सांगत नाही. निवृत्तीनंतरचा त्यांचा पराक्रम सगळे जग जाणते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार ही पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली. मग वीस वर्षे दार बंद. १९४१ च्या जुलैत बाबासाहेबांची संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली, त्यांनी आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. सुरुवातीला तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता. पुढे इतर प्रांतांचे व समाजांचे जवानही तीत आले. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे आठव्या महार बटालियनचे. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. विद्यार्थ्यांनी ही नावे स्पर्धा परीक्षेसाठी तरी पाठ करावीत.

आता आपल्या गावाकडे येऊ. पाचोरा हे मुंबई-भुसावळ मोठ्या लाइनवरचे स्टेशन. सागरच्या रेजिमेंटल सेंटरहून सुटीवर निघालेला जवान भुसावळवरून येथे उतरायचा, आणि शेंदुर्णी, जामनेरकडचा असेल तर ट्रंक खांद्यावर घेऊन पीजेच्या छोट्या गाडीत बसायचा. पीजे आता बंद पडली. त्या गाडीने आलेल्यांपैकी एक वृद्ध हवालदार आमच्या शाखेत येत असत. १९७१ च्या युद्धातले. लढाईविषयी विचारले की, "ते झालं, साहेब," एवढेच बोलायचे. मात्र पलटणीच्या शाळेत आपण अक्षर कसे गिरवले हे ते खुलून सांगत. गावच्या शाळेतून नाव कमी झालेला हा मुलगा विसाव्या वर्षी बंदूक उशाशी ठेवून पाढे म्हणत होता. म्हणून की काय, पैसे काढण्याच्या स्लिपवर ते सही फार सावकाश, पूर्ण नावानिशी करीत. मागे रांग खोळंबे. आम्ही मनात चरफडत असू.

२००९ सालची गोष्ट. नोकरीत आम्ही तसे नवीन होतो. एक वृद्ध आजी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन काउंटरवर आल्या. नवरा सैन्यातून निवृत्त झालेला. पेन्शनच्या आदेशात, म्हणजे ज्याला आम्ही पीपीओ म्हणतो त्यात, पत्नीचे एक नाव. रेशनकार्डावर आणि मतदार यादीत दुसरे. नावे जुळत नाहीत, कुटुंब निवृत्तिवेतन चालू होणार नाही, असे सांगून आम्ही त्यांना परत पाठविले. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "नाव तेच शे भाऊ, कागदवर कसं बदली गयं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. नियम मात्र होता.

रांगेत मागे हवालदार बाबा उभे होते. त्यांनी आजीच्या पिशवीतले डिस्चार्ज बुक मागून घेतले, चष्मा पुसला, आणि कुटुंबाच्या नोंदीचे पान काढून आमच्यासमोर धरले. तेथे पत्नीच्या नावापुढे माहेरचे नाव आणि सासरचे नाव दोन्ही लिहिलेली होती. लग्नात नाव बदलले होते, भरतीच्या वेळी नवऱ्याने सवयीने जुने सांगितले होते, इतकाच घोळ. ते पुस्तक तिन्ही वेळा त्या पिशवीत होते. आम्ही ते उघडून पाहिले नव्हते. बाबा आम्हाला काही बोलले नाहीत. त्यांनी बाकावर बसून रेकॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिला. आम्ही तो टाइप करून, प्रतिज्ञापत्र व सरपंचाचा दाखला जोडून पाठविला. दुरुस्ती येण्यास चौदा महिने लागले. तोवर त्या बाईने नातवाच्या मजुरीवर दिवस काढले. थकबाकी एकरकमी मिळाली तेव्हा आम्हाला पेढा देण्यासाठी त्या मुद्दाम आल्या. तो पेढा घशाखाली उतरविणे जड गेले.

येथे थोडे नियमांचे सांगितले पाहिजे, कारण अशी प्रकरणे घरोघर आहेत. पेन्शनर किंवा त्याची विधवा ८० वर्षांची झाली की मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली तर पेन्शन दुप्पट. पण विधवेची जन्मतारीख कागदात असेल तरच. आपल्या आया-आज्यांच्या बाबतीत तो रकाना पुष्कळदा कोरा असतो, आणि कोरा रकाना कोणी आपणहून भरीत नाही. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र अशा पुराव्यावर तो भरून घेता येतो. आता संरक्षण खात्याचे पेन्शन 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीतून होते, तेथेही नाव आणि तारीख जुळणे हीच मुख्य अडचण असते. हयातीचा दाखला अंगठा लावून देता येतो, हयातीची नोंद झाली नाही तर पेन्शन थांबते. दुसऱ्या महायुद्धात भरती होऊन युद्ध संपताच घरी पाठविलेल्या कित्येकांची सेवा पेन्शनइतकी भरलीच नाही. अशांना व त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन मासिक साहाय्य देते, त्याचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होतो. तरुण माजी सैनिकांनी हेही लक्षात ठेवावे की सरकारी बँकांत लिपिकाच्या जागांत साडेचौदा टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव असतात. आमच्या शेजारच्या काउंटरवर काही वर्षे असेच एक माजी नायक बसत असत. त्यांची रोकड कधी एका रुपयाने चुकली नाही. आमची चुकली आहे.

त्या आजींचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. नाव दुरुस्त झाले, पण जन्मतारखेचा रकाना तसाच कोरा राहिला होता. तो आमच्या लक्षात आला २०१७ साली, एका वेगळ्याच कामासाठी त्यांचे कागद काढले तेव्हा. हिशेब केला तर त्यांना ८० पूर्ण होऊन दोन वर्षे लोटली होती. आम्ही नातवाला फोन केला. आजी मागच्या पावसाळ्यातच गेल्या होत्या.

ही हकीकत आम्ही हवालदार बाबांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग खिशातून स्वतःच्या पीपीओची घडी काढून त्यांनी काउंटरवर पसरली आणि पत्नीच्या नावाखालच्या रकान्यावर बोट ठेवले. तोही कोरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडण्याआधीच ते बाईंना घेऊन पायरीवर बसलेले होते, हातात आधार कार्डाची झेरॉक्स, आणि अर्ज घरूनच सुवाच्य अक्षरात लिहून आणलेला.