गागरीच्या वाटेनं नांदेड

पहाट व्हायला अजून बराच अवकाश असतो. नांदेडच्या वजिराबादेतली शेवटची चहाची टपरीसुद्धा बंद झालेली असते. अशा वेळी तख्त सचखंड श्री हुजूर साहिबचे एक सेवेकरी गोदावरीवर येतात, गागर पाण्यात बुडवून भरून घेतात आणि गुरुद्वाऱ्याकडे चालू लागतात. त्यांना ‘गागरिया सिंग’ म्हणतात. त्यांनी आणलेल्या पाण्यानं तख्ताला स्नान घातलं जातं आणि मग तिथला दिवस सुरू होतो. थंडी असो, पाऊस असो, हे रोज घडतं.

नांदेडला रोज हजारो माणसं येतात. स्टेशनवर उतरतात, ऑटो करतात, माथा टेकतात, लंगर घेतात आणि परतीची गाडी पकडतात. दर्शन होतं, पण गाव पाहायचं राहून जातं. आम्ही नांदेडकरही काही वेगळे नाही. पाहुणे आले की गाडी काढतो, गुरुद्वाऱ्याच्या दारात सोडतो आणि तासाभरानं घ्यायला जातो. खरं तर किल्ला, जुनं गाव, घाट आणि तख्त हे सगळं एका सकाळी पायी फिरून होण्यासारखं आहे. नदी सोडायची नाही, एवढं लक्षात ठेवलं की वाट चुकत नाही.

किल्ल्यापासून सुरुवात

सकाळी सहाला किल्ल्याशी यावं. नंदगिरीचा हा किल्ला डोंगरावर नाही, नदीकाठी आहे. तीन बाजूंनी गोदावरीनं त्याला कवेत घेतलंय. पुढच्या काळात याच किल्ल्यात शहराच्या पाणीपुरवठ्याची व्यवस्था झाली आणि बागही फुलली. शत्रूवर नजर ठेवायची जागा गावाला पाणी पाजायच्या कामी आली.

तटाजवळ उभं राहिलं की हे गाव इथंच का वसलं ते कळतं. खाली नदीचं रुंद पात्र, पलीकडे काळी जमीन, आणि पाणी पूर्वेकडे तेलंगणाच्या दिशेनं निघालेलं. या वस्तीचं वय फार जुनं. वाशिमला सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या चौथ्या शतकातल्या ताम्रपटात ‘नांदीकड’ या प्रदेशाचा उल्लेख येतो. हे नांदीकड म्हणजेच आजचं नांदेड, असं अभ्यासक मानतात. पुढे वाकाटक गेले, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव आले आणि गेले, बहामनी आली. 1636 नंतर मोगलांच्या तेलंगण सुभ्याचं ठाणं इथं होतं. अठराव्या शतकात निजामाचा अंमल आला, तो थेट 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. एवढ्या राजवटी बदलल्या, पण गावानं नदीकाठ काही सोडला नाही.

इतवारा आणि मोंढा

किल्ल्याकडून गावात शिरलं की रस्ता आपोआप अरुंद होतो. इतवारा, चौफाळा, होळी, गाडीपुरा या जुन्या नांदेडच्या वस्त्या. इथं घाई करू नये. एखाद्या वाड्याचा दरवाजा अर्धा उघडा असतो. आतल्या चौकात तुळस दिसते, बाहेर दगडी ओटा. पुढच्या वळणावर मशिदीचा मिनार, त्याच्या खाली अत्तराचं दुकान आणि उर्दू पाट्या. कानावर पडणाऱ्या मराठीत दखनीची चव असते आणि दखनीत मराठीची. अनोळखी माणूस गल्लीत दिसला की ओट्यावरचे आजोबा हमखास विचारणार, “कुठं जायलाव?” त्या प्रश्नात संशय नसतो. उत्तर द्यावं, दोन मिनिटं टेकावं. गावाची निम्मी माहिती अशा ओट्यांवरच मिळते.

जुन्या मोंढ्यातला टॉवर ही या भागाची खूण. आमच्या मराठवाड्यात धान्याच्या बाजारपेठेला मोंढा म्हणतात. खरेदी-विक्रीचा मोठा पसारा नंतर नव्या मोंढ्यात गेला, तरी या भागानं आपला बाज टिकवलाय. किराणा, मिरची, गूळ, दोरखंड, पत्र्याच्या कोठ्या, सारं एकमेकांना चिकटून. खेड्यातून आलेला शेतकरी अजूनही इथं पिशवी भरूनच घरी जातो. इथंच कुठंतरी नाश्ता उरकून घ्यावा. मुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतून केलेला सुशीला आणि वर कडक चहा.

याच गावाशी ‘यथार्थदीपिका’ लिहिणाऱ्या वामनपंडितांचं नाव जोडलेलं आहे, आणि याच गावात पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी आपलं चिंतन आणि अध्यापन केलं. वाद घालावा, पण माणूस तोडू नये, ही नांदेडची रीत मला या गल्ल्यांतच उमगली.

बंदा घाट आणि नगिना घाट

आता पुन्हा नदीकडे वळायचं. काठावर आलं की दोन घाट जवळजवळ लागतात आणि दोन्हींच्या मागे 1708 सालची आठवण आहे.

त्या वर्षी बादशहा बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत निघाला होता. गुरू गोविंदसिंग त्याच काळात दक्षिणेत आले आणि नांदेडला गोदावरीकाठी थांबले. काठावर माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. गुरूंची आणि त्याची इथं भेट झाली. भेटीअखेर बैरागी स्वतःला गुरूंचा ‘बंदा’ म्हणवू लागला. गुरूंनी त्याला पाच बाण, निशाण आणि नगारा देऊन पंजाबात पाठवलं. इतिहास त्याला बंदासिंग बहादूर म्हणून ओळखतो. 1710 च्या मे महिन्यात छप्पर चिडीच्या लढाईत त्यानं सरहिंदच्या फौजदाराचा, वजीरखानाचा पराभव केला. याच वजीरखानाच्या हुकमानं गुरूंच्या दोन लहान मुलांचा जीव घेतला गेला होता. 1716 मध्ये दिल्लीत बंदासिंगाला हालहाल करून मारलं. पंजाबच्या इतिहासातलं एवढं मोठं पान गोदावरीच्या या पायऱ्यांवर उलटलं गेलं. शाळेत असताना हे मला कुणी घाटावर आणून सांगितलं नाही. कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि या पायऱ्यांवर कितीतरी वेळा बसून गेलो होतो.

नगिना घाटाची कथा वेगळी आणि गोड आहे. एका बंजारा शिखानं गुरूंना मौल्यवान नगिना अर्पण केला. गुरूंनी तो सरळ नदीत टाकून दिला. बंजारा हिरमुसला. तेव्हा गुरूंनी त्याला पाण्यात पाहायला सांगितलं, आणि त्याला तळाशी नगिनेच नगिने दिसले, असं सांगतात. दागिन्यापेक्षा नदी मोठी, असा अर्थ मी त्यातून काढतो.

घाटाच्या जवळच लंगर साहिब आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाबा निधानसिंग यांनी ही सेवा उभी केली. पंजाबात परतायचं ठरवून ते नांदेडच्या स्टेशनवर जाऊन बसले होते, तिथं त्यांना गुरूंचा दृष्टांत झाला आणि ते माघारी फिरले, अशी श्रद्धा आहे. ते फिरले म्हणून आज इथं कुणी उपाशी राहत नाही.

तख्ताच्या दारात

घाटाकडून गुरुद्वाऱ्याकडे जाणारा रस्ता म्हणजे नदीकडून तख्ताकडे जाणारी वाट. गागर याच दिशेनं जाते. 2008 मध्ये गुरुगादीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं गुरुद्वाऱ्याभोवतीचा परिसर मोकळा झाला, रस्ते रुंद झाले. तरी पायी येताना पांढऱ्या इमारतीवरचा सोनेरी घुमट घरांच्या वर हळूहळू दिसू लागतो आणि पाऊल आपोआप भरभर पडू लागतं. गाडीतून येणाऱ्याला हे कधी मिळत नाही.

दारात जोडाघर. इथं आपले जोडे हातात घेऊन टोकन देणारा सेवेकरी कदाचित लुधियानाचा कारखानदार असेल, कदाचित नांदेडचा रिक्षावाला. ओळखू येत नाही, आणि येऊ नये अशीच ही सेवा आहे. एकदा माझ्या पुढच्या म्हातारबाबांच्या चपलांना चिखल होता. आत उभ्या असलेल्या तरुणानं त्या घेतल्या, फडक्यानं पुसल्या आणि मगच फळीवर ठेवल्या. बाबा संकोचून “राहू द्या की” म्हणाले. तो नुसता हसला आणि त्यानं टोकन दोन्ही हातांनी पुढे केलं. डोक्यावर रुमाल बांधून, पाय धुऊन मी आत गेलो, तेव्हा अर्धं दर्शन जोडाघरातच झालं होतं.

7 ऑक्टोबर 1708 रोजी गुरू गोविंदसिंग इथं ज्योतीत विलीन झाले. वय अवघं 41. त्याआधी त्यांनी सांगितलं की यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. आतल्या अंगिठा साहिबची वास्तू त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले त्या जागेवर आहे. आजची इमारत महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात उभारली. त्याच सुमारास निजामाच्या मागणीवरून पंजाबातून शीख शिपायांची पलटण दक्षिणेत आली. तिला ‘लाहोरी फौज’ म्हणत. त्यातले कित्येक इथंच राहिले. त्यांचे वंशज म्हणजे आमचे दखनी शीख. ते घरात पंजाबी, बाजारात दखनी आणि कचेरीत मराठी बोलतात.

शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक, आणि इथल्या काही रीती इथल्याच आहेत. गुरू ग्रंथसाहिबबरोबर इथं दसम ग्रंथही विराजमान असतो. संध्याकाळी दिवे लावून आरती होते. गुरूंची शस्त्रं बाहेर काढून भाविकांना दाखवली जातात. दसऱ्याला आणि होला महल्ल्याला निशाण आणि घोडे मिरवणुकीत निघतात, तेव्हा सारं नांदेड रस्त्याच्या कडेला उभं असतं.

नरसीच्या शिंप्याचा आवाज

इथं थोडा वेळ बसावं. कीर्तन चालू असतं. शब्द सगळे कळत नाहीत, पण एखाद्या वेळी कानावर नाव येतं, नामदेव. गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची 61 पदं आहेत. नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं गाव मानलं जातं. आमच्या शिवारातून एक शिंपी विठ्ठलाचं नाव घेत उत्तरेला गेला. पंजाबात घुमानला त्याची स्मृती आजही जपली जाते. पुढे काही शतकांनी त्याचेच शब्द पोटाशी धरून तो ग्रंथ गुरू म्हणून गोदावरीकाठी गादीवर बसला. नामदेव पायी गेले होते. त्यांचे शब्द लांबचा फेरा घालून घराजवळ परत आले. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला नांदेडचा गुरुद्वारा परका वाटणं शक्य नाही.

त्यानंतर लंगर. पंगतीत बसावं, पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यावी आणि पानात काही टाकू नये. आपल्या एका बाजूला अमृतसरचं कुटुंब असतं, दुसऱ्या बाजूला मुखेडहून दवाखान्यासाठी आलेली माय-लेकरं. वाढणारा दोघांनाही सारख्याच आदरानं वाढतो.

वाट दाखवणारं माणूस

पण ही सारी वाट पाहुण्यांना दाखवणार कोण? जपानातल्या क्योतो, कानाझावासारख्या जुन्या शहरांत गावातलेच ज्येष्ठ नागरिक स्वयंसेवक होऊन पाहुण्यांना गल्लीबोळांतून पायी फिरवतात. आपल्याकडे असं माणूस मिळणं अवघड नाही. इतिहास घेऊन पदवीधर झालेली मुलं आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, मराठी-दखनी-पंजाबी तिन्ही बोलणारी दखनी शिखांची पोरं आहेत. सचखंड एक्सप्रेसनं अमृतसरहून इतका लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाला दोन तास जुनं नांदेड दाखवलं, तर तो एक रात्र जास्त राहील. ओट्यावरच्या आजोबांशी बोलेल, मोंढ्यातून मिरची नेईल. लातूरलाही हे करता येईल. 1917 साली आखलेली तिथली गंजगोलाई आणि तिच्याकडे येणारे सोळा रस्ते पायी फिरण्यासाठीच आहेत. एकेका रस्त्यावर एकेका मालाची पेठ, आणि मध्ये अंबाबाईचं देऊळ.

पण नांदेडला पाहुण्यांना घाटावर नेताना मला एका गोष्टीची लाज वाटते. उन्हाळ्यात पायऱ्यांशी जलपर्णी दाटते. नाल्यांचं सांडपाणी नदीत उतरतं आणि वाऱ्याची दिशा बदलली की माणसं नाकाला रुमाल लावतात. पावसाळ्यात विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की पूर येतो, सगळं वाहून जातं, आणि आपण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विसरतो. या नदीला आपण गंगा म्हणतो. तिच्या काठानं शेकडो लोक रोज चालू लागले, तर ती कशी आहे हे रोज कुणाच्या तरी डोळ्यांना दिसेल आणि कुणाला तरी बोलावंसं वाटेल. वाटेवर पावलं असली की वाटेची राखण होते.

आज रात्रीही सगळं गाव झोपल्यावर गागर भरली जाईल. तिच्यात जे पाणी असेल, ते आपल्या सगळ्यांच्या घरावरून आलेलं असेल.

कसे जाल?

हुजूर साहिब नांदेड हे मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचं मोठं स्टेशन आहे. मुंबईहून देवगिरी, नंदीग्राम, तपोवन या गाड्या आहेत. लातूरहून अहमदपूर, लोहामार्गे एसटीनं येता येतं. मुक्कामासाठी गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालायला उत्तम. उन्हाळ्यात मात्र सकाळी नऊच्या आत फेरी आटोपावी. साध्या चपला, डोक्यावर बांधायला रुमाल आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्यावी.