अडकलेला दट्ट्या

मोटार थांबल्यावर एकाच चाकाची धग लागत असेल, तर त्याचा डिस्क ब्रेक सुटत नाही असे समजावे. (हात लावून पाहू नका, चटका बसेल!)

नवल असे, की कॅलिपरमधील दट्ट्याला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. दट्ट्याभोवतीचे रबरी कडे दाबाने किंचित वाकते व पूर्ववत होताना त्याला मिलिमीटरच्या अंशाने मागे आणते. तेवढे पुरते. पण गंज चढला की घर्षणापुढे रबराचे काही चालत नाही.

असा दट्ट्या काढायला काही जण दाबाची हवा सोडतात. हे धोक्याचे आहे. ५ सेंमी. व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौ.सेंमी.; दर चौ.सेंमी.ला ७ किलोग्रॅम दाब असेल, तर जोर १४० किलोग्रॅम वजनाइतका होतो. दट्ट्या सुटताच दाबलेली हवा प्रसरण पावते आणि तो गोळीसारखा उडतो. मध्ये बोट आले तर चिरडलेच.

जाणता मेकॅनिक कॅलिपर नळीला जोडलेलाच ठेवून ब्रेकचे पेडल हळूहळू दाबवतो. तेलाचा दाब हवेच्या कितीतरी पट असतो. पण द्रव फारसा आकुंचन पावत नसल्याने दट्ट्या जरा सरकताच तो दाब ओसरतो. दट्ट्या निमूटपणे बाहेर येतो. त्यावर गंजाचे खड्डे दिसले, तर नवाच घालावा.