दिवसाचे २३ तास

एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक तरुण बाई तीनेक महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. बाळाच्या दोन्ही पायांत चामड्याचे बूट आणि ते बूट एका आडव्या लोखंडी पट्टीला जोडलेले. बाळ किरकिरायला लागलं तशा गाडीतल्या बायका बोलायला लागल्या. "घडीभर सोड की गं." "एवढ्याशा जिवाला कशाला बेड्या?" "आमच्याकडं एक मालिशवाली हाय, ती नुसत्या हातानं पाय सरळ करती." बाई कुणाशी भांडली नाही आणि बूटही सोडले नाहीत. एवढंच म्हणाली, "२३ तास ठेवायचेत." भरल्या गाडीत, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन असं म्हणायला बळ लागतं. ते तिला कुठून मिळालं हे पाहायला मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात गेले. तिथे आठवड्यातून एक दिवस क्लबफूटची ओपीडी असते.

ही ओपीडी आधी नाकाला कळते. खोलीबाहेरच्या नळावर आया बाळांच्या पायांवरचं प्लास्टर भिजवून उलगडत असतात. ओल्या प्लास्टरचा वास, आठवडाभर कोंडलेल्या कातडीचा आंबूसपणा आणि त्यावर लगेच चोळलेला साबण. जुनं प्लास्टर सुटल्यापासून नवं चढेपर्यंत जो थोडा वेळ मिळतो, तेवढीच त्या पायाची आठवड्याची आंघोळ. आया बोटांच्या बेचक्या धुतात, पोटरी चोळतात, पाऊल गालाला लावून पाहतात. आत काहीही चाललेलं असलं तरी मी पुन्हा पुन्हा त्या नळापाशी येऊन उभी राहत होते.

साधारण ८०० जन्मांमागे एका बाळाचं पाऊल जन्मतःच आत आणि खाली वळलेलं असतं, त्यालाच क्लबफूट म्हणतात. मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण दुप्पट, आणि जवळपास निम्म्या बाळांचे दोन्ही पाय तसे असतात. उपचाराचा क्रम ठरलेला आहे. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडं थोडं वळवून मांडीपर्यंत प्लास्टर करायचं. अशी पाच-सहा प्लास्टरं झाली की बहुतेक बाळांची टाचेमागची शीर, जागा बधिर करून, बारीक पात्याने कापतात. शेवटचं प्लास्टर ३ आठवडे राहतं, तेवढ्यात ती शीर वाढीव लांबीत पुन्हा जुळून येते. प्लास्टर निघतं तेव्हा पाऊल सरळ झालेलं असतं. घरचे पेढे आणतात. आणि नेमक्या त्याच दिवशी बाळाला बूट मिळतात.

ही पद्धत इग्नासिओ पोन्सेटी यांची. १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर एका घड्याळजीच्या घरी त्यांचा जन्म झाला. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले आणि नंतर मेक्सिकोमार्गे ते अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पोचले. लहानपणी शस्त्रक्रिया झालेली पावलं मोठेपणी ताठर आणि दुखरी होतात हे त्यांनी तिथे पाहिलं. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून ते सुरीचा आधार कमी करत गेले आणि हातांवर भर देत गेले. १९६३ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डॉक्टरमंडळींनी ते मनावर घ्यायला आणखी तीसेक वर्षं लागली. तोवर किती पावलं विनाकारण चिरली गेली असतील, हा विचार त्या ओपीडीत बसल्यावर पाठ सोडत नाही.

बूट-पट्टीला इथे सगळे 'ब्रेस' म्हणतात. पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास, उरलेला एक तास आंघोळीचा. पुढे रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास, बाळ ४ वर्षांचं होईपर्यंत, काहींना पाचापर्यंत. ब्रेस पाय सरळ करत नाही. प्लास्टरने सरळ झालेला पाय तो धरून ठेवतो. ज्या ओढीने पाऊल पोटात असतानाच आत वळलं, ती ओढ जन्मानंतरही काही वर्षं टिकून असते आणि पाय झपाट्याने वाढतो त्या काळात तिचा जोर अधिक. प्लास्टरचं काम दोन-अडीच महिन्यांत आटोपतं. ४ वर्षांच्या रात्री मात्र सुमारे १४६० होतात, आणि त्यातली प्रत्येक रात्र घरीच काढायची असते.

या रात्रींची तयारी करून घेणारी बाई ओपीडीच्या कोपऱ्यात एका टेबलामागे बसते. ती डॉक्टरही नाही आणि सिस्टरही नाही. कागदावर काउन्सेलर, बोलताना ताई. तिच्या टेबलावर बुटांचे जोड, पेन, सुती मोजे आणि एक कापडी बाहुली. मी तिचा उजवा अंगठा पाहत राहिले. बाळाचं पाऊल बुटात सरकलं की तो अंगठा घोट्याच्या पुढच्या बाजूला येतो आणि टाच तळाला टेकेपर्यंत दाबून राहतो. मग मधला पट्टा, त्यानंतर लेस. टाचेजवळ बुटाला एक भोक ठेवलेलं असतं, त्यातून टाच दिसली पाहिजे. ती दिसली की ताई बोटांच्या टोकापाशी बुटाच्या तळावर पेनाने रेघ मारते. "बोटं या रेघेच्या मागं गेली, की समजायचं टाच उचलली. सोडा आणि पुन्हा बांधा."

या बुटाला स्टीनबीक ब्रेस म्हणतात. मिकिएल स्टीनबीक हे युगांडात काम करत होते. चामडं, प्लायवूड, लोखंडाची पट्टी अशा कुठल्याही गावात मिळणाऱ्या सामानातून, चांभार आणि लोहार करू शकतील असा ब्रेस त्यांनी तिथे घडवला. मापं मात्र काटेकोर. पट्टीची लांबी बाळाच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्याएवढी. वाकडा होता तो पाय बाहेरच्या बाजूला ६० ते ७० अंश वळवलेला, चांगला पाय ३० ते ४०.

"चांगल्या पायाला कशाला अडकवायलेत ओ?" एका आजींनी विचारलं. त्यांच्या नातीचा उजवाच पाय वाकडा होता. प्रश्न रास्त आहे. ताईने बाहुलीच्या एकाच पायात बूट घातला आणि पट्टी सोडून दिली. पाऊल लगेच आत फिरलं. "याला बाहेर धरून ठेवायला दुसऱ्या पायाचा आधार लागतो, आजी." आजींनी बाहुली हातात घेतली, स्वतः फिरवून पाहिली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "गिराणात काही चिरलं असंल हिनं." सून जमिनीकडे पाहत होती. ताई शांतपणे म्हणाली, "चिरण्यानं पाय वाकडा होत नाही. हिचं काही चुकलेलं नाही." आणि हे वाक्य तिने सुनेकडे वळून पुन्हा एकदा म्हटलं. तिच्या दिवसभरातलं सगळ्यांत मोलाचं काम मला हेच वाटलं. स्वतःला दोषी समजणारी आई रात्री दोन वाजता बाळ रडलं की विरघळते. जिच्या मनावरचं ते ओझं उतरलंय, ती बूट तपासून पाहते आणि बाळाला थोपटते.

विरघळलेली आई आधी बूट काढत नाही, ती लेस सैल करते. बाळाला बरं वाटावं म्हणूनच ती हे करते, आणि बाळाला सर्वांत जास्त त्रास त्यानेच होतो. सैल बुटात टाच वर-खाली सरकते, चामड्याला घासते, मागे फोड येतो. फोड आला की बूट निघतो. बूट दोन-चार दिवस बाहेर राहिला की पाऊल आत वळायला लागतं आणि मग तोच बूट नीट बसत नाही. ताईकडे आलेल्या एका बाळाच्या टाचेमागे लालभडक डाग होता. आईला वाटत होतं बूट फार घट्ट झालाय. ताईने तिच्याच हातून पट्टा एक भोक आवळून घेतला. पहिल्या दिवसांत थोडी लाली येतेच, ती ओसरते. टाचेमागचा भडक डाग मात्र पाऊल आत हलत असल्याचं सांगतो. त्या डागावर तेल किंवा पावडर लावायची नाही, त्याने कातडी आणखी मऊ पडते. आमच्याकडे बाळाच्या अंगाला तेल लावल्याशिवाय कुठल्याच आजीचा जीव राहत नाही. म्हणून ताई मालिश बंद करायला सांगत नाही. ती म्हणते, "त्या एका तासात करा. पण पाय कोरडा पुसा, मोज्याला सुरकुती नको, मगच बूट."

रडणं पहिले दोन ते पाच दिवस जास्त असतं. ते बहुतेक वेळा दुखण्याचं नसतं. पाय एकेकटे हलत नाहीत, त्याचा तो राग असतो. यावर ताई जे शिकवते ते पाहताना आया पहिल्यांदा हसतात. पट्टीला मधोमध धरायचं आणि बाळाचे दोन्ही गुडघे एकदम दुमडायचे, एकदम सरळ करायचे, गाणं म्हणत, तोंडाने आवाज काढत. दोन्ही पाय एकत्र मारायचे असतात हे बाळाला कळलं, की ते स्वतःच ब्रेस उचलून दणादण आपटायला लागतं. त्या लाथांनी पायाचे स्नायूही ताणले जातात, म्हणजे हा खेळ उपचाराचाच भाग आहे. पट्टीला जुन्या कपड्याच्या चिंध्या गुंडाळायच्या, नाहीतर ती बाळाला आणि आईच्या बरगड्यांना लागते. साडीच्या झोळीत पट्टी अडकते आणि कापड पाय दाबून धरतं, म्हणून झोळी मोठी बांधायची किंवा बाळाला अंथरुणावर निजवायचं. बूट रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच गाण्याबरोबर चढवायचे. बाळाला मोकळेपणाची सवय होऊ दिली नाही तर सहा महिन्यांनी ते झोपायच्या वेळी आपणहून पाय पुढे करतं, असं ताई सांगते. तसं एक दीड वर्षाचं मूल मी तिथेच पाहिलं. आईने पिशवीतून ब्रेस काढला आणि ते बाकावर आडवं झालं.

बाप दाराशी फाइल धरून उभे असतात. ताई त्यांना आत बोलावते. मार्केट यार्डात हमाली करणारा एकजण म्हणाला, "ते हिलाच जमतंय." ताईने बूट त्याच्या हातात दिला. पहिल्यांदा टाच दिसली नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा भोकातून टाच दिसल्यावर त्याने वर पाहिलं ते बायकोकडे. एका घरात बूट बांधता येणारी दोन माणसं झाली. आईला ताप आला, ती माहेरी एकटी गेली, शेतात उशीर झाला, तरी त्या रात्री बूट चढेल.

ताई आकडे कमी वापरते, पण एक आकडा ती प्रत्येकाला सांगते. पोन्सेटींच्या आयोवातल्या अनुभवातला तो आहे. ब्रेस नियमित घालणाऱ्या घरांत शंभरातल्या ६ बाळांचा पाय पुन्हा वळला. न घालणाऱ्या घरांत ८० हून अधिक बाळांचा. हा आकडा ऐकून बहुतेकांच्या तोंडी एकच निष्कर्ष येतो: आईने नीट घातलं नाही. मला तो पटत नाही. ६ आणि ८० यांच्यामध्ये बूट कुणी नीट बसवून दिला, दुखलं तेव्हा कुणी पाहिलं, गाडीभाडं होतं का, सासू बाजूने होती का, रात्री फोन कुणी उचलला, हे सगळं भरलेलं आहे. ताईचा मोबाइल नंबर बुटाच्या डब्यावर लिहिलेला असतो आणि रात्री अकरानंतरही तो वाजतो. रिचार्ज ती पदरचा करते.

२०१३च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. वाकडं पाऊल लवकर नजरेस येतं आणि उपचार मोफत होतो, हा फार मोठा आधार आहे. आशाताई नवजात बाळाच्या घरभेटीला जातात तेव्हा पाऊलही पाहतात. त्याच आशाताईंना टाच बुटात टेकली आहे का हे तपासायला शिकवलं, तर कित्येक आयांची जिल्ह्याची खेप वाचेल.

कारण खेप फुकट जाते तेव्हा काय होतं हेही मी पाहिलं. एका बाळाची बोटं बुटाच्या कडेवरून खाली वळायला लागली होती, म्हणजे बूट आखूड झाला होता. पुढच्या मापाचे बूट कपाटात नव्हते. ताईला सांगावं लागलं, "पंधरा दिवसांनी या." आई दोन गाड्या बदलून आली होती, मजुरी बुडवून. तिने काही म्हटलं नाही, बाळ उचललं. त्या पंधरा दिवसांत टाच सरकली, फोड आला आणि पाय पुन्हा वळायला लागला, तर तिच्या फाइलवर 'ब्रेस नियमित घातला नाही' असंच लिहिलं जाईल. आईकडून आपण दिवसाचे २३ तास मागतो आणि ती ते देते आहे. पाय वाढणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं; तेव्हा पुढच्या मापाचा बूट वेळेआधी कपाटात असणं हाही उपचारच आहे, आणि तेवढा भाग तरी आईवर ढकलता येणार नाही.