एकाच कॉम्प्युटरवर दोन 'आर': नवीन टाका, पण जुनं काढू नका

संशोधनाला नुकती सुरुवात केलेल्या विद्यार्थ्यांचा एक नेहमीचा प्रश्न असतो: आरचं नवीन व्हर्जन आलंय, मग जुनं अनइन्स्टॉल करायचं का? थोडक्यात उत्तर, नाही. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर सुखाने राहतात. पण ठेवायचं कशासाठी, हे समजून घेतलं तर उद्या तुमचा प्रबंध वाचेल.

आमच्या माळेगाव बुद्रुकचंच उदाहरण घेऊ. इथे सहकारी साखर कारखाना आहे, चहूकडे ऊस आहे आणि शेजारच्या माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. साहजिकच उसाला पाणी कमी दिलं तर काय होतं, अशा विषयांवर काम करणारे विद्यार्थी या भागात भेटतात. आता उसाचं गणित बघा. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, तोडणी साधारण १८ महिन्यांनी आणि नंतर खोडवा धरला तर अजून वर्षभर. आरचं मोठं व्हर्जन मात्र दरवर्षी एप्रिलच्या आसपास येतं. म्हणजे तुमचा एक प्रयोग संपेपर्यंत सॉफ्टवेअर दोन-तीनदा बदललेलं असतं.

समजा, कुणी जुलै २०१८ मध्ये लागण केली. तेव्हा आर ३.५.१ होतं. तोडणीच्या वेळी, डिसेंबर २०१९ ला, ३.६.२ आलं होतं. खोडवा तुटेपर्यंत ४.०.३ आलं. या काळात दोन मोठे बदल झाले.

पहिला बदल ३.६.० चा, एप्रिल २०१९. प्लॉटला ट्रीटमेंट देताना आपण चिठ्ठ्या टाकल्यासारखं रँडमायझेशन करतो. त्यासाठी 'सॅम्पल' हे फंक्शन वापरतो आणि पुन्हा तोच क्रम मिळावा म्हणून आधी 'सेट सीड'मध्ये एक आकडा देतो. जुन्या पद्धतीत खूप मोठ्या संचातून निवड करताना किंचित पक्षपात व्हायचा, म्हणून निवडीची पद्धत बदलली. सीड १२३ देऊन १ ते १० आकडे पिसा:

जुन्या व्हर्जनमध्ये (३.५ पर्यंत): ३, ८, ४, ७, ६, १, १०, ९, २, ५
नवीन व्हर्जनमध्ये (३.६ पासून): ३, १०, २, ८, ६, ९, १, ७, ५, ४

सीड तोच, कोडही तोच. पहिला आणि पाचवा आकडा जुळतो, बाकीचे आठ चुकतात. म्हणजे फक्त कोड जपून ठेवला आणि शेताचा नकाशा हरवला, तर नवीन व्हर्जनवर कोड चालवून दहापैकी आठ प्लॉटना भलत्याच ट्रीटमेंटचं नाव लागेल. सगळ्यात वाईट म्हणजे एररसुद्धा येणार नाही. विश्लेषण होईल, तक्ता छापला जाईल आणि निष्कर्ष चुकीचा असेल. बूटस्ट्रॅप किंवा परम्युटेशन टेस्ट केली असेल, तर तिथेही आकडे थोडे हलतात.

दुसरा बदल ४.० चा, एप्रिल २०२०. आधी सीएसव्ही फाइल वाचताना मजकुराचे कॉलम आपोआप 'फॅक्टर' व्हायचे. आता ते साधा मजकूर म्हणूनच राहतात. जुन्या कोडमध्ये ट्रीटमेंटच्या 'लेव्हल्स' मागितल्या असतील तर नवीन व्हर्जन 'नल' देतं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते बघू.

विंडोजवर आरचं प्रत्येक व्हर्जन 'प्रोग्रॅम फाइल्स'मधल्या 'आर' फोल्डरमध्ये स्वतःचं वेगळं फोल्डर करून बसतं. त्यामुळे नवीन टाकल्याने जुन्याला धक्का लागत नाही. जुनं व्हर्जन हवं असेल तर क्रॅनच्या साइटवर जुन्या आवृत्त्या मिळतात. आरस्टुडिओ एकच पुरे. त्यात 'टूल्स', मग 'ग्लोबल ऑप्शन्स', मग 'जनरल' असं जाऊन आर व्हर्जनसमोरचं 'चेंज' दाबायचं, हवं ते निवडायचं आणि आरस्टुडिओ बंद करून परत उघडायचा.

पॅकेजेसची लायब्ररी मात्र वेगळी असते: ३.५ ची वेगळी, ३.६ ची वेगळी. म्हणून नवीन व्हर्जनमध्ये पॅकेजेस पुन्हा टाकावी लागतात. जुन्या लायब्ररीतून उचलून नव्यात कॉपी करायच्या भानगडीत पडू नका. पॅकेज एका व्हर्जनसाठी बांधलेलं असतं, दुसऱ्यात ते चालेलच असं नाही. एका प्रोजेक्टची पॅकेजेस गोठवून ठेवायची असतील तर 'आरएन्व्ह' वापरा. फक्त लक्षात ठेवा, ते पॅकेजेस सांभाळतं, आर स्वतः तुम्हालाच सांभाळावं लागतं.

जुनं व्हर्जन टाकणं शक्यच नसेल, तर रँडमायझेशनपुरता एक मार्ग आहे. 'आरएनजीकाइंड' फंक्शनमध्ये 'सॅम्पल काइंड'ला 'राउंडिंग' द्या आणि मग सीड लावा. एक वॉर्निंग येईल, ती अपेक्षितच आहे. जुना क्रम परत मिळेल. नवीन प्रयोगाचा आराखडा करताना मात्र ही युक्ती वापरू नका.

शेवटी तीन सवयी. प्रयोगाचा आराखडा केला की प्लॉटचा नकाशा फाइलमध्येही ठेवा आणि फील्डबुकातही उतरवा, निव्वळ सीडवर विसंबू नका. प्रत्येक विश्लेषणानंतर 'सेशन इन्फो' चालवून त्याचा निकाल निकालांच्याच फोल्डरमध्ये ठेवा, त्यात व्हर्जन आणि पॅकेजेस दोन्ही असतात. आणि ज्या व्हर्जनवर काम सुरू केलं, ते व्हायव्हा होईपर्यंत कॉम्प्युटरवर राहू द्या. दोन वर्षांनी परीक्षकांनी 'हा आकडा आला कसा?' विचारलं, तर तो आकडा त्यांच्यासमोर परत काढून दाखवता आला पाहिजे.